मध्यंतरानंतरची ताई

१

भोंगा कुठलाही पिक्चर अर्धाच बघायचा. मध्यंतराला दिवे लागले की हा उठला, पायऱ्या उतरला आणि थेट घरी. शितावरून भाताची परीक्षा होते, मग अख्खं पातेलं कोण खात बसणार, असं त्याचं म्हणणं. घरी आला की मोबाईल उभा करायचा, ‘वाजला रे भोंगा!’ अशी आरोळी ठोकायची आणि त्या पिक्चरची अशी काही चामडी लोळवायची की बघणारे हसून हसून आडवे.

शेवट तो मनानेच लावायचा. त्यात काय अवघड? कादंबरीवरून काढलेला असेल तर कादंबरी जाडी म्हणून पिक्चरपण जाडा, आणि शेवटी म्हातारा हिरो खिडकीतून बाहेर बघत उभा. कुणा गायकाच्या आयुष्यावरचा असेल तर पोरगा गरीब, मग रियाज, मग दारू, मग खोकला. मेला की गाणं हिट. आणि लोककथेवरचा असेल तर धूर. धूर, कंदील आणि एक म्हातारी, जी सगळं माहीत असूनही अर्धंच सांगते. ‘आजी, पहिल्यांदाच पूर्ण सांगितलं असतंस तर आमची दुपार वाचली असती ना!’ हा भोंग्याचा हुकमी डायलॉग. त्यावर हमखास बदाबदा लाईकचे अंगठे पडायचे.

शाळेत मात्र सगळा अंधार. ह्याच्या जिभेला हाड नाही आणि वहीत अक्षर नाही, असं सर म्हणायचे. भोंगा त्या सरांचीपण नक्कल करायचा.

चॅनेल चाललं होतं ते खरं म्हणजे ताईमुळे. ताई थोरली. तिचे कान म्हणजे मांजरीचे. त्यांची आई लोकांचे कपडे उसवून, आटवून, दुरुस्त करून द्यायची, आणि ते सगळे कपडे एका खिडकी नसलेल्या खोलीत दांड्यांवर लटकवलेले असायचे. तिथे आवाज घुमत नाही, हे ताईने शोधून काढलं. त्या कोटांच्या आणि पँटींच्या गर्दीत भोंगा स्टुलावर बसायचा, ताई मोठाले हेडफोन लावून समोर.

“फ्रीज बंद करून ये.”

“ताई, फ्रीज पलीकडे स्वयंपाकघरात आहे.”

“असू दे. माझ्या कानात आहे तो. जा.”

मग ती मोबाईलसमोर हात आणून एकदाच टाळी वाजवायची. चित्र आणि आवाज नंतर जुळवायला बरं पडतं म्हणून. टाळी, मग म्हणायची “चालू!”, आणि मग भोंगा वाजायचा.

कानांनी जेवढी तय्यार, हातांनी तेवढीच दिव्य. चहा आणला की अर्धा बशीत, पाणी आणलं की अर्धं फरशीवर. आई म्हणायची, “हिच्या हाती समुद्र दिला तरी घरी येईपर्यंत वाळवंट करेल ही बया.” हल्ली त्या बोलण्याला धार आली होती. ताईला दूरच्या शहरात आवाजाचं काम शिकवणाऱ्या एका संस्थेत जागा मिळाली होती. आई तिला जा म्हणत नव्हती आणि नको जाऊसही म्हणत नव्हती. फक्त शिवणयंत्र जोरात चालवायची.

भोंगा नवा पिक्चर बघायला जाणार होता त्या दिवशी सकाळी ताईने डबा उघडताना अंगठा कापून घेतला. घरात पट्टी नव्हती. भोंग्याने वायरला लावायची हिरवी चिकटपट्टी गुंडाळली आणि तिच्यावर पेनाने दोन डोळे आणि मिशा काढल्या.

“हा कोण?” ताईने विचारलं.

“अंगठेबहाद्दर.”

“म्हणजे तूच की,” ताई म्हणाली, आणि हसता हसता तिने पेनाची टोपी चहात पाडली.

२

गडबड अशी झाली होती की आधीच्या आठवड्यात भोंगा पकडला गेला होता. गायकाच्या पिक्चरमध्ये ह्याने गायकाला खोकवून मारला, आणि पिक्चरमध्ये तो गायक शेवटी ठणठणीत! खाली कुणीतरी लिहिलं, ‘भोंग्या, तू शेवट बघतोस तरी का रे?’ मग काय, लोकांना आयतं कोलीत मिळालं.

नवा पिक्चर लागला होता ‘पाण्याला गेलेली’. लोककथेवरचा. थिएटरात मोजकीच डोकी. भोंगा पाय पुढच्या खुर्चीवर टाकून बसला आणि पहिल्याच फटक्यात धूर बघून खूश झाला. गोष्ट एवढीशी: भाऊ-बहीण, डोंगरावर घर, खाली विहीर. पाणी आणायची पाळी भावाची. तो आळशी. बहिणीला म्हणतो, आज तू जा. ती जाते. उशीर होतो. मग ती येते, डोक्यावर घागर काठोकाठ भरलेली. भाऊ बघतो आणि झोपतो. मध्यंतर.

भोंगा बाहेर आला तो खदखदतच. ताई बाजारातून परत जाताना पायऱ्यांशी थांबली होती, हातात थंड पेयाचा कागदी पेला.

“ताई, तू ना आत जा,” भोंगा म्हणाला. “उरलेला बघ. मला शेवट हवाय, नाहीतर लोक खातील मला.”

“तुझा पिक्चर, तू बघ. माझ्या गळ्यात कशाला?”

“अगं मला आत्ता रेकॉर्ड करायचंय, डोक्यात गरम आहे तोवर. जा ना. तू लाडकी ना माझी.”

“लाडकी म्हणे. काम असलं की लाडकी.” पण तिने त्याच्या हातातला मध्यंतराचा पास घेतला. घेताना पेला तिरका झाला आणि पायरीवर नारंगी थारोळं झालं. दारावरच्या काळ्या पडद्यापाशी पोहोचल्यावर ती वळली, हिरवा अंगठा नाचवला, त्याच्याकडे बघून एक टाळी वाजवली आणि म्हणाली, “चालू!”

पडदा पडला.

भोंगा घरी गेला आणि एकट्यानेच बसून बोलला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात जहरी रिव्ह्यू होता तो. “मला सांगा,” तो म्हणाला, “ही बाई अख्खा डोंगर चढून येते, घागर काठोकाठ, आणि एक थेंब सांडत नाही? डायरेक्टर झोपला होता का? आणि तो भाऊ! समोर कोण उभंय कळत नाही त्याला? अहो, गल्लीतलं कुत्रंसुद्धा घरचं माणूस वासावरून ओळखतं. ह्या शुंभाला सख्खी बहीण ओळखू येत नाही! मंडळी, माझं ऐका. मध्यंतराला उठा. नमस्कार करा आणि उठा.”

३

ताई आली तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. भोंग्याचा व्हिडिओ चढवून झाला होता, आणि आकडे नुसते पळत होते.

“काय झालं शेवटी?” त्याने मोबाईलमधून डोकं न काढता विचारलं.

“संपला नाही अजून,” ताई म्हणाली.

“म्हणजे? लाईट गेली?”

“नाही. संपला नाही.” आणि ती स्वयंपाकघरात गेली.

चहा घेऊन आली तेव्हा भोंग्याने वर बघितलं, तेही सवयीने पाय आवरायला. ताई चहा आणते म्हणजे पाय वर घ्यायचे, हा घरचा नियम. तिच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये कप. कप काठोकाठ भरलेले, इतके की चहा कडेच्या वर फुगून उभा होता. ती उंबरा ओलांडून आली, गालिचाच्या दुमडीवरून आली, वाकली आणि ट्रे ठेवला. चहा हललासुद्धा नाही.

यंत्र थांबलं. आईने चष्मा वर केला. “अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला?”

ताई हसली. छान हसली. भोंग्याला वाटलं, ती हसली ते आईचं वाक्य संपायच्या जरासं आधी.

“अंगठा बघू,” तो म्हणाला.

तिने दाखवला. पट्टी नव्हती. काप पण नव्हता. नुसता अंगठा.

“पट्टी कुठाय?”

“काढली.”

“आणि जखम?”

“कसली?”

भोंगा खो खो हसला. वा रे वा! चोरावर मोर! ताईने एकदा त्याच्या मोबाईलचं घड्याळ पुढे करून त्याला रविवारी शाळेत पाठवलं होतं. तेव्हा हे असलं नाटक करायला ती कमी करणार होय? रिव्ह्यू बघितला असेल तिने थिएटरातच. थेंब न सांडणारी बहीण! सकाळी म्हणे कापलं, तेच खोटं असेल, लाल शाई असेल. मान गये, असं म्हणून त्याने चहा पिऊन टाकला आणि ती कधी फुटते त्याची वाट बघत बसला.

ती फुटली नाही.

४

रिव्ह्यू मात्र फुटला, दिवाळखोर करून गेला त्या पिक्चरला. ‘मध्यंतराला उठा’ हा खेळच झाला. पोरं टोळक्याने तिकीट काढायची, दिवे लागले की उभं राहून पडद्याला नमस्कार करायची, तो व्हिडिओ काढायची आणि निघून जायची. दुसऱ्या गावांतून तसे व्हिडिओ येऊ लागले. भोंगा छाती काढून फिरत होता.

घरात आल्यावर छाती आपोआप आत जायची.

तसं बोट ठेवावं असं काहीच नव्हतं. ताई जेवायची, झोपायची, विचारलं तर बोलायची. उलट गुणाचीच झाली होती. आईच्या सुईत दोरा ओवून द्यायची, पहिल्याच झटक्यात. एका संध्याकाळी आई दारातूनच सांगत आली, तिला बातमी पोटात ठेववत नव्हती. “जात नाही म्हणाली ती! इथेच राहते म्हणाली! मी एका शब्दाने बोलले नव्हते हो.” आणि त्या दिवसापासून शिवणयंत्राचा आवाज बदलला. आई गुणगुणत मशीन मारायची. भोंग्याने तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

भोंग्याने आपली सगळी विद्या पणाला लावली. ताईच्या चहात मीठ घातलं. तिने पूर्ण कप संपवला आणि धुऊन उपडा ठेवला. तिच्या उशीत रबराचा सरडा ठेवला. सकाळी तो सरडा कपाटावर बसवलेला होता, तोंड भोंग्याच्या अंथरुणाकडे. शेवटी त्याने दोरा ताणला, न्हाणीघराच्या दारात, गुडघ्याच्या खाली, दिसणार नाही असा काळा. ताई भरली बादली घेऊन आली. भोंगा कपड्यांच्या खोलीतून, कोटांच्या फटीतून बघत होता. दोरा तिच्या पायाला लागला. ताणला. तुटला. बादलीतलं पाणी आरशासारखं होतं. त्यात छताचा दिवा दिसत होता आणि तो दिवासुद्धा डुगडुगला नाही.

“लपून काय बघतोस?” ती बादली खाली न ठेवताच म्हणाली, त्याच्याकडे न बघता. “विचार की.”

भोंग्याला विचारायचं होतं. पण तोंडाचा पट्टा, जो शाळेतल्या सरांना आणि गल्लीतल्या दादा लोकांना कधी घाबरला नाही, तो चिकटल्यासारखा झाला.

नंतर ती बाहेर गेली तेव्हा त्याने एक मूर्खपणा केला. मागच्या रेकॉर्डिंगा काढून ऐकल्या. ती थिएटरातून आल्यानंतर एक लहानसा व्हिडिओ केला होता त्यांनी. ताईने हेडफोन लावले नव्हते, “नको, मला तसंही ऐकू येतं” म्हणाली होती. फ्रीज बंद करायलाही सांगितलं नव्हतं. मोबाईलसमोर तिचे हात आले, एकमेकांवर बसले, बाजूला झाले. टाळीचा आवाज नव्हता. भोंग्याने आवाज वाढवला. फ्रीजची घरघर नव्हती. मशीन नव्हतं. त्याची स्वतःची बडबड होती, आणि तिच्यामागे एखाद्या खोल जागेची असते ना, तसली शांतता.

माईक बिघडला असेल, असं तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. मग त्याच्या मनात आलं की त्या पिक्चरमधल्या शुंभाला नंतर तरी कळलं असेलच. कळल्यावर त्याने काहीतरी केलं असेल. बहिणीला परत आणलं असेल. ते सगळं मध्यंतरानंतर होतं.

५

थिएटरच्या दाराशी शिडी लावली होती आणि ‘पाण्याला गेलेली’चा फलक अर्धा खाली आला होता. तिकिटाची खिडकी बंद. भोंगा धावत वर गेला, प्रोजेक्टरच्या खोलीत. ऑपरेटरकाका डब्याला पट्टा बांधत होते. आताचे पिक्चर म्हणजे रीळ नाहीत, एक छोटा डबा असतो. तो आला की पिक्चर आला आणि तो गेला की गेला.

“काका, दुपारचा खेळ?”

काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “तूच ना तो? नाकाने कांदे सोलणारा?”

“काका, मला उरलेला पिक्चर बघायचाय.”

“आता? तुझ्या कृपेने एक तिकीट खपलं नाही. आम्ही उतरवला, बाकीच्या गावांनी उतरवला. बनवणाऱ्याने हात जोडले म्हणे. जा, वाजव जा तुझा भोंगा.”

“काका, पाया पडतो. माझी ताई... माझ्या ताईसाठी.”

काकांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं कोण जाणे. त्यांनी पट्टा सोडला. “नवा पिक्चर घेऊन गाडी येईल. ती येईपर्यंत. आली की बंद, मग रडायचं नाही.”

भोंगा खाली रिकाम्या खुर्च्यांत एकटाच बसला. पाय जमिनीवर, हात मांडीवर. एवढा शहाण्यासारखा तो कधी बसला नव्हता. अंधार झाला.

पडद्यावर अंगण. भाऊ पाटावर जेवतोय. बहीण पाठमोरी, वाढतेय. तिच्या शेजारी ती घागर. कुणी बोलत नाही, पार्श्वसंगीत नाही. असला शॉट भोंग्याने एरवी तासला असता, ‘कॅमेरावाला चहा प्यायला गेला’ म्हणून. आता तो भावाकडे बघत होता. ओळख ना, तो मनात म्हणाला. ओळख की रे.

अंगणाच्या मागे उतार. उताराच्या तळाशी विहिरीचा कठडा, नखाएवढा. कठड्यावर काहीतरी होतं.

भोंगा उठला. पुढे गेला. जितका पुढे जाई तितकं चित्र विरघळून नुसते उजेडाचे ठिपके होत होते, म्हणून तो मागे सरला, पुन्हा पुढे आला. कठड्याच्या आतल्या बाजूने एक हात वर आलेला होता. त्या पिक्चरमध्ये सगळं मातकट, राखाडी होतं. त्या हाताच्या अंगठ्यावर एक हिरवा ठिपका होता.

दुसरा हात वर आला.

टाळीचा आवाज बाजूच्या स्पीकरांतून आला नाही. तो पडद्याच्या मागून आला. कोरडा, एकच, आणि मग वाट बघितल्यासारखं थांबणं. मग पुन्हा.

जेवणाऱ्या भावाचा घास तोंडापाशी थांबला. तो मान वळवायला लागला...

आणि सगळे दिवे लागले.

“गाडी आली!” वरून काका ओरडले.

भोंगा पडद्याच्या मागे धावला. मागे भिंत होती. भिंत आणि पडदा ह्यांच्यात माणूस आडवं उभं राहील एवढी जागा, धूळ, आणि खुर्चीचा एक मोडका हात.

“काका, त्या विहिरीवर कोण होतं?”

“कोणी नसतं. तो शॉट मी रोज बघितलाय, रिकामी विहीर असते.”

“पुढे काय होतं? भाऊ काय करतो?”

“मला काय माहीत? शेवटाला मी खाली, दारं उघडायला.”

“मग कुणाला माहितीये? कुणीतरी बघितला असेल ना पूर्ण!”

काकांनी डबा बगलेत मारला. त्यांना राग पण उरला नव्हता, नुसती किळस. “तूच सांगितलंस ना बाळा सगळ्यांना, मध्यंतराला उठा. उठले.”

६

घरी आई गुणगुणत होती. ताई कपड्यांच्या खोलीत बसली होती, भोंग्याच्या स्टुलासमोर. मोबाईल उभा केलेला होता. हेडफोन स्टुलावर ठेवलेले होते. शेजारी एक पेला पाणी, काठाच्या वर फुगलेलं.

“लोक शेवट मागतायत,” ती म्हणाली. “सांगून टाक.”

भोंगा दारातच उभा राहिला. दांडीवरचे कोट एका बाजूला सरकवले गेले होते, कुणीतरी मधून गेल्यासारखे.

“तू बघितलास,” तो म्हणाला. “तूच फक्त. भाऊ ओळखतो का?”

“ओळखतो.”

“मग?”

“मग काय?”

“मग तो काय करतो? विहिरीवर जातो ना? आणतो ना तिला?”

ताईने मान जराशी तिरकी केली. ताई विचार करताना तशीच मान तिरकी करायची. अगदी तशीच.

“ए पोरांनो!” आईने बाहेरून हाक मारली. आवाजात हसू होतं. “लवकर आटपा. आज किती दिवसांनी सगळे एकत्र बसून जेवू या. भोंग्या, ऐकलंस का? नाहीतर माझी लेक पुढच्या महिन्यात गेली असती रे. घर खायला उठलं असतं मला.”

मशीन पुन्हा सुरू झालं.

“गप्प बसतो,” ताई म्हणाली.

भोंगा स्टुलापाशी आला. पाय कसे आले ते त्याला कळलं नाही. त्याने हेडफोन उचलले आणि कानांना लावले, फक्त ऐकायला म्हणून. ती रेकॉर्डिंगमधलीच शांतता, खोल. आणि तिच्या तळाशी, लांब, फार लांब, एक टाळी. मग थांबणं. मग टाळी. त्याने डोळे मिटले. त्याला दिसत होतं, हात कसे येतात, पेनाने काढलेल्या मिशा पाण्याने फिसकटून गेल्या असतील.

त्याला फक्त ओरडायचं होतं. आईला सांगायचं होतं की ही आपली ताई नाही. जन्मभर कसल्याही फालतू गोष्टीवर त्याने बोंब ठोकली होती.

बाहेर आई गात होती.

भोंग्याने हेडफोन काढले आणि उलटे करून, कोटांच्या मागे, खाली ठेवले. ताईने पाण्याचा पेला पुढे केला. तो प्यायला. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं.

“सांडू नको रे,” ताई प्रेमाने म्हणाली. मग तिने मोबाईलसमोर हात आणले, एकमेकांवर ठेवले आणि बाजूला केले.

“वाजला रे भोंगा,” भोंगा म्हणाला. “मंडळी, शेवट बघितला मी. काही दम नाही. तो भाऊ तर...”

पुढचा शब्द त्याला सापडेना. ताई हसली, तो शब्द सापडायच्या जरासं आधी.